रविवारच्या रेफ्रीमागचा इतिहास

२५ ऑक्टोबर २०१७. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना, माली विरुद्ध स्पेन. स्पेन दोन गोलांनी पुढे होता. दुसऱ्या सत्रात मालीच्या शेख उमर डुकुरेने लांबून मारलेला चेंडू आडव्या खांबाला खालून लागला, गोलरेषेच्या आत आपटला आणि उसळून बाहेर आला. रेफ्रींनी खेळ चालू ठेवला. त्या स्पर्धेत गोललाइन तंत्रज्ञान नव्हतं. स्पेनने सामना ३-१ ने जिंकला आणि मालीचा तो गोल कुठेच नोंदला गेला नाही. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२२ ला, त्याच मैदानावर मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेव्हा व्हिडिओ रेफ्री हजर होते. त्या स्पर्धेत ते पहिल्यांदाच वापरले गेले.

मोठ्या फुटबॉलने नवी मुंबईत एवढी मजल मारली. त्याच नेरुळात महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर जुलैच्या चिखलात दोन स्थानिक क्लब भिडतात, तेव्हा शिट्टी असते ती बँकेत, शाळेत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाकडे. कॅमेरा नाही, कानात यंत्र नाही, बऱ्याचदा रेषेवर झेंडा घेऊन उभे राहणारे भरवशाचे लाइन्समनही नाहीत. या माणसाकडे लोक कच्चा रेफ्री म्हणून पाहतात. खरा रेफ्री टीव्हीवर दिसतो तो, अशी समजूत आहे. इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. रेफ्रीचं काम हौशी माणसांनीच घडवलं, आणि तेही खेळ सुटला तरी मैदान सोडवत नव्हतं म्हणून.

१८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि नियम लिहिले गेले. त्यांत रेफ्री नव्हताच. वाद झाला की दोन्ही कर्णधारांनी तो मिटवायचा. खेळणारे बहुतेक बड्या निवासी शाळांतले, आणि सभ्य माणूस मुद्दाम फाउल करत नाही यावर त्यांची श्रद्धा. सामन्यांना चुरस आली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. मग प्रत्येक संघाने आपला एक अंपायर द्यायचा, असं ठरलं. खेळाडूंनी अपील केलं तरच तो निर्णय देई, क्रिकेटमध्ये आजही आहे तसं. दोन अंपायरांचं जुळलं नाही, तर प्रकरण मैदानाबाहेर थांबलेल्या तिसऱ्या माणसाकडे जाई. तो रेफ्री. म्हणजे सुरुवातीची कित्येक वर्षं रेफ्री मैदानाच्या आत नव्हताच.

१८९१ मध्ये हे उलटं झालं. रेफ्री आत आला, अपिलाची वाट न पाहता निर्णय देण्याचा अधिकार त्याला मिळाला आणि दोन अंपायर झेंडे घेऊन रेषेवर गेले. त्याच वर्षी पेनल्टी किक नियमांत आली. ती सुचवली होती आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम नावाच्या गोलकीपरने. आणि त्याच १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला. म्हणजे मुंबईचं स्पर्धात्मक फुटबॉल आणि मैदानात उतरलेला रेफ्री साधारण एकाच वयाचे आहेत.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की १८९१ च्या आधीची पद्धत आपल्याकडे अजून मेलेली नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कुठल्याही स्थानिक स्पर्धेला जा. आयोजकांना एकच परीक्षा पास झालेला रेफ्री परवडतो. मग तो दोन्ही संघांना सांगतो, "एकेक पोरगा द्या झेंडा धरायला." राखीव खेळाडूंपैकी दोघं रेषेवर उभे राहतात. त्यांच्याकडून फक्त चेंडू बाहेर गेला का एवढंच घ्यायचं, ऑफसाइड (चेंडू पुढे मारला तेव्हा तो घेणारा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे होता का) द्यायचा नाही, हे रेफ्री आधीच बजावतो. सोय म्हणून हे चालून जातं. पण त्यामुळे पूर्ण मैदानाचा ऑफसाइड एका माणसावर येतो, आणि तो चेंडूच्या मागे पळत असतो, बचावफळीच्या रेषेत नसतो. स्थानिक सामन्यांतली अर्धी भांडणं इथून सुरू होतात. प्रेक्षक रेफ्रीला शिव्या घालतात. माझ्या मते दोष त्याचा नाही, व्यवस्थेने त्याला सव्वाशे वर्षं मागे नेऊन उभं केलेलं असतं.

आता शाळामास्तरांकडे येऊ, कारण या इतिहासात त्यांचा वाटा फार मोठा आहे. स्टॅन्ली राउस हे इंग्लंडमधले शिक्षक. १९३४ च्या एफए कपच्या, म्हणजे फुटबॉल असोसिएशनच्या चषकाच्या, अंतिम सामन्याचे ते रेफ्री होते. रेफ्रीने मैदानात एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे फिरायचं आणि उरलेल्या दोन पट्ट्यांवर लाइन्समननी नजर ठेवायची, ही तिरकी पद्धत त्यांनीच रुळवली. जगभर आजही तीच चालते. १९३८ मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढलेले नियम पुन्हा नीट लिहून काढले. आज रेफ्रीच्या परीक्षेला बसणारा पोरगा जे सतरा नियम पाठ करतो, त्यांची मांडणी तिथली. पुढे राउस फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्षही झाले.

दुसरे केन अॅस्टन, तेही शिक्षक. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड–अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफ्रींनी अर्जेंटिनाच्या रॅटिनला बाहेर काढलं. भाषा कळेना, रॅटिन मैदान सोडेना. कुणाला ताकीद मिळाली याचाही गोंधळ झाला. तेव्हा अॅस्टन विश्वचषकाच्या रेफ्रींचे प्रमुख होते. घरी जाताना लंडनच्या रस्त्यावर सिग्नल पाहून त्यांना पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. आज घणसोलीच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, दहा वर्षांचा मुलगाही मित्राला हवेत हात उंचावून "रेड, रेड" म्हणतो, ते या मास्तरांचं देणं.

हौशीपणा फार जुनी गोष्ट आहे असंही नाही. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये पूर्णवेळ पगारी रेफ्री आले ते २००१ मध्ये. २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शिट्टी वाजवणारे इटलीचे कोलिना वित्तीय सल्लागार होते. त्याच स्पर्धेत आपले के. शंकर सहायक रेफ्री, म्हणजे पूर्वीच्या भाषेत लाइन्समन, होते. पुरुषांच्या विश्वचषकात काम केलेले ते एकमेव भारतीय. २०१६ मध्ये गोव्याच्या उवेना फर्नांडिस मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात सहायक रेफ्री होत्या. आणि २०१७ च्या त्या भारतातल्या मुलांच्या विश्वचषकात, कोलकात्याला जपान–न्यू कॅलेडोनिया सामन्यात, स्वित्झर्लंडच्या एस्थर स्टाउब्ली मुख्य रेफ्री म्हणून उतरल्या. पुरुष गटाच्या फिफा स्पर्धेत महिलेने शिट्टी वाजवण्याची ती पहिली वेळ. आपल्याकडे शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलींना हे कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

मुंबईत हार्वूड लीग १९०२ पासूनची, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा १९११ ची. पुढची कित्येक दशकं फुटबॉल म्हणजे दक्षिण मुंबईतलं कूपरेज मैदान, आणि संघ म्हणजे रेल्वे, बँका, गिरण्या, कंपन्या. खेळाडूला नोकरी मिळायची, पाय थकले की तो त्याच कंपनीत टेबलावर बसायचा आणि संध्याकाळी मैदानावर शिकवायला किंवा शिट्टी घेऊन यायचा. खेळ सुटला तरी माणूस सुटत नव्हता, कारण नोकरी आणि मैदान एकाच धाग्यात होते. कंपन्यांनी संघ बंद केले तसा हा धागा तुटला. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडसारखा संघही २०१० मध्ये बंद झाला. पूर्वी आपोआप मिळणारा रेफ्री आता शोधून तयार करावा लागतो.

ठाण्यात क्रिकेट, कबड्डी, खो-खोचं वजन कायमच जास्त. वागळे इस्टेट १९६० च्या दशकात उभी राहिली, १९७० मध्ये सिडको आली आणि खाडीपलीकडे आखीव शहर वसू लागलं. आखणीतच शाळा आणि मैदानं होती, ही नवी मुंबईची जमेची बाजू. १९९२ ला मानखुर्दहून लोकल वाशीला पोहोचली, २००४ ला ट्रान्स-हार्बरने ठाणे तुर्भ्याला जोडलं गेलं. रेफ्रीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं. ठाण्यात राहणाऱ्याला सकाळी आठचा नेरुळचा सामना आणि दुपारचा ठाण्यातला सामना एकाच रविवारी घेता येऊ लागला. त्यात सुब्रतो कप. १९६० पासून चालणारी ही शालेय स्पर्धा दरवर्षी तालुक्यापासून सुरू होते, आणि तालुक्याच्या सामन्यांत शिट्टी बहुधा पीटीच्या सरांकडे असते. राउस आणि अॅस्टन यांचे खरे वारसदार हेच.

या कामाचा सगळ्यात न दिसणारा भाग सामना सुरू होण्याआधीचा आहे. शालेय सामन्याआधी दोन्ही संघ रेषेत उभे राहतात आणि रेफ्री एकेकाला तपासत जातो. बुटांचे स्टड उलटे करून अंगठा फिरवायचा, धार लागली तर बूट बदलायला लावायचा. मोज्याच्या आत नडगी वाचवणारं शिनगार्ड आहे का ते टकटक करून पाहायचं. मग अंगावरचं. मनगटात कडं, दंडाला गंडा, गळ्यात चेन, कानात बाळी. "सर, कडं निघत नाही, लहानपणापासून आहे." नियम चौथा स्पष्ट आहे: दागिना चालत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. मग साबण शोधला जातो, आई-वडील पुढे येतात, गंडा देवाचा आहे म्हणून सांगतात. इथे आवाज न चढवता, श्रद्धेला धक्का न लावता, तरीही न झुकता पोराला सुरक्षित मैदानात उतरवायचं. हे पुस्तकात शिकवत नाहीत, जुन्या रेफ्रीच्या मागे उभं राहून शिकावं लागतं.

शिट्टीचंही तसंच. जुन्या शिट्टीत आत गोळी असायची. पावसात, थुंकीत ती अडकली की आवाज गेला. कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट या बास्केटबॉल रेफ्रीची शिट्टी ऐन सामन्यात अशीच अडकली होती. १९८७ मध्ये त्यांनी बिनगोळीची फॉक्स-४० बाजारात आणली. आपल्याकडे फुटबॉलचा खरा हंगाम पावसाळ्यात, त्यामुळे इथल्या रेफ्रीच्या खिशात बिनगोळीचीच असते, आणि एक जादाची. मैदान आखलेली फक्की पहिल्याच सरीत वाहून जाते. पेनल्टी बॉक्स कुठे संपतो ते मग झेंड्यांवरून, नाहीतर अंदाजाने.

पावसाळ्याशी आणखी एक गाठ आहे. नियम बदलण्याचा अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आहे. चार ब्रिटिश संघटनांची चार मतं, फिफाची चार, आणि बदलाला सहा मतं लागतात. अलीकडे हे बदल १ जुलैपासून लागू होतात. युरोपात तेव्हा सुट्टी असते, आपल्याकडे स्पर्धा ऐन रंगात. म्हणून नव्या नियमाची पहिली भांडणं आपल्या मैदानांवर होतात. २०१९ पासून गोलकिकचा (गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा) चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर जाण्याची गरज उरली नाही, तरी कितीतरी प्रशिक्षक पुढची काही वर्षं "परत घ्या" ओरडत होते. २०२५ पासून गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू हातात ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर किक. पावसात निसटता चेंडू छातीशी धरून पडलेल्या बारा वर्षांच्या गोलकीपरवर हा नियम लावायचा, तर आठ सेकंद त्याने चेंडू नीट ताब्यात घेतल्यापासून मोजायचे, आणि शेवटची पाच सेकंदं हात वर करून त्याला दाखवायची. समजून लावला तर नियम चांगला आहे.

या कामात येणाऱ्याला तीन पायऱ्या आहेत: नियमांची लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी, मैदानावरची पारख. पूर्वी कूपर चाचणी असायची, बारा मिनिटांत जमेल तेवढं पळायचं. आता आंतरराष्ट्रीय पुरुष रेफ्रीला ७५ मीटर पंधरा सेकंदांत पळणं, मग २५ मीटर चालणं, असं चाळीस वेळा करावं लागतं. जिल्ह्याची चाचणी त्यापेक्षा सोपी, पण दिशा तीच. पळणं थांबलं तरी वाट संपत नाही. सामन्याच्या व्यवस्थेवर देखरेख करणारा मॅच कमिशनर होता येतं, किंवा रेफ्रींचं मूल्यमापन करणारा. हा माणूस टेंटमध्ये वही घेऊन बसतो आणि सामना संपल्यावर नव्या रेफ्रीला सांगतो, तिसऱ्या मिनिटाला तू फाउलपासून किती लांब होतास, आणि पहिलं पिवळं कार्ड दाखवायला उशीर का केलास.

टर्फ वाढले, अकादम्या वाढल्या, दर शनिवार-रविवारी सामने वाढले. त्या मानाने परीक्षा दिलेले रेफ्री वाढले नाहीत. अकादमीच्या सामन्यांत पालकांची आरडाओरड ऐकून पहिल्याच हंगामात सोडून गेलेली चांगली पोरं मी पाहिली आहेत. स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती एकच आहे: कागदावर खर्च मांडताना ट्रॉफी आणि बॅनरच्या आधी तीन अधिकाऱ्यांचं, म्हणजे रेफ्री आणि दोन लाइन्समनचं, मानधन लिहा. आणि सतरा-अठराव्या वर्षी ज्यांची निवड हुकते, त्यांच्या हातात घरी जाण्याआधी एक झेंडा द्या, शेजारी एक जुना रेफ्री उभा करा.