दोन ओहमचा दिवा

जुलैतली गोष्ट. सांगलीच्या विश्रामबागेतला माझा एक मित्र तासगावहून बेदाण्याचे बॉक्स घेऊन आला आणि गाडीतून न उतरताच त्यानं हाक मारली. "बघ की जरा, दोन-दोन दिवे लागलेत. वर ही टुंगटुंग." गाडी इलेक्ट्रिक, जेमतेम दोन वर्षांची. डॅशबोर्डवर एकीकडं पट्टा बांधलेला लाल माणूस, दुसरीकडं खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात मोठा गोल चेंडू.

टुंगटुंगीचा निकाल मिनिटात लागला. शेजारच्या सीटवर बेदाण्याचा बॉक्स होता. गादीखाली दाब ओळखणारी पातळ चटई असते. तिला माणूस आणि बेदाणा यांतला फरक कळत नाही, वजन कळतं. सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. बॉक्स मागं ठेवला आणि आवाज बंद झाला. चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासाठी ही आठवण करून देणारी यंत्रणा आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. तिला गप्प करायला बकलमध्ये खोचायच्या क्लिपा मिळायच्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायला लावल्या. क्लिप खोचली की फक्त आवाजच थांबतो असं नाही. बकलमधला स्विच एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला 'पट्टा लावलाय' असं खोटं सांगतो, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅग किती जोराच्या धडकेला उघडायची हे त्याच माहितीवर ठरतं.

चेंडूवाला दिवा, म्हणजे एअरबॅगचा, मात्र गेला नाही.

गाडी चालू केल्यावर हा दिवा पाच-सात सेकंद लागून विझला पाहिजे. तेवढ्या वेळात कंट्रोल युनिट स्वतःची तपासणी करून घेतं. दिवा लागूनच राहिला तर बिघाड, आणि मुळीच लागला नाही तरीही बिघाडच. दुसरी गोष्ट फारसं कुणी बघत नाही.

शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "फ्यूज काढून टाक. गाडी पळतीय ना?" गाडी पळते, हे खरंच. पण त्या फ्यूजबरोबर एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी पट्टा आवळून धरणारा प्रिटेन्शनर, दोन्ही जातात.

दिवा नेमका कशानं लागतो ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक एअरबॅगच्या पोटात एक ठिणगी-गोळी असते. तिच्यात केसासारखी बारीक तार, तारेभोवती चिमूटभर दारू. तारेतून साधारण १.२ अँपिअर प्रवाह दोन मिलिसेकंद गेला की दारू पेटते, तिच्यामुळं वायू तयार करणारं इंधन पेटतं आणि पिशवी फुगते. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, असतो २ ओहमच्या आसपास. गाडी चालू असेपर्यंत कंट्रोल युनिट तिच्यातून अगदी क्षीण प्रवाह सोडून हा रोध मोजत राहतं. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की दिवा.

सांगलीकराला हे समजावून सांगायची गरज नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. इशारा दिला म्हणजे पूर आला असं नव्हे. इथं फरक इतकाच, की मर्यादा फुटांत नसून एखाद-दुसऱ्या ओहमची आहे. आणि एवढा रोध वाढवायला काही मोठं मोडावं लागत नाही. वायरी जोडणाऱ्या कनेक्टरची एक पिन कळकली तरी पुरे.

कळकणं हा शब्द आपल्या स्वयंपाकघरातलाच. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेलं ताक कळकतं. कनेक्टरच्या पिनांवर तीच कल्हई असते, कथलाचा पातळ थर. (एअरबॅगच्या पिनांवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा असतो. प्रवाह इतका कमी, की कथलावरची बारीक पापुद्र्यासारखी गंजसुद्धा त्याला अडवते.) सीटखालचे कनेक्टर सगळ्यात दुर्दैवी. सीट पुढं-मागं सरकते, वायर ओढली जाते, खड्ड्यागणिक पिना एकमेकींवर केसभर घासतात. कल्हई झिजते आणि घासल्या जागी ऑक्साइड साठतं. त्यात ओली छत्री सीटखाली सारायची सवय.

इलेक्ट्रिक गाडीत या सगळ्याआधी एक संशयित तपासावा लागतो, तो म्हणजे छोटी १२ व्होल्टची बॅटरी. गाडी चालवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची, पण एअरबॅग, दिवे, कुलपं आणि सगळे संगणक चालतात ते या छोटीवर. मोठीतून छोटीला वीज द्यायला मध्ये एक कन्व्हर्टर असतो. छोटी म्हातारी झाली की गाडी चालू होताना तिचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि कंट्रोल युनिटं एकमेकांवर गैरहजेरीचे आरोप नोंदवतात. मग एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग असे चार-पाच दिवे एकदम लागतात. मोठी बॅटरी ८० टक्के दाखवते म्हणून मालक छोटीवर संशयच घेत नाही. एकटा एअरबॅगचा दिवा लागला असेल तर मात्र ही शक्यता मागं पडते. मित्राच्या गाडीत एकटाच होता.

दुसरी एक घरगुती चाचणी: हॉर्न वाजवून बघायचा. स्टिअरिंग फिरतं आणि त्यातल्या एअरबॅगची वायर तर तुटता कामा नये, म्हणून आत चपट्या पट्टीची गुंडाळी असते, घड्याळाच्या स्प्रिंगेसारखी. तीच पट्टी हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही सांभाळते. दिव्याबरोबर हॉर्नही गेला असेल तर ती पट्टी तुटली असण्याचा संभव मोठा. मित्रानं हॉर्न वाजवला. गल्लीतली दोन कुत्री उठली. पट्टी शाबूत.

यापुढं घरगुती उपाय संपतात. मिरज रोडवरच्या ओळखीच्या वायरमनकडं गेलो. त्यानं गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. एअरबॅगचे कोड 'बी' अक्षरानं सुरू होतात, आणि स्वस्तातले स्कॅनर त्यांतले बरेचसे वाचतच नाहीत. त्याच्या स्कॅनरवर आलं: शेजारच्या सीटची बाजूची एअरबॅग, रोध जास्त. यातला 'जास्त' महत्त्वाचा. जास्त म्हणजे वाट कुठंतरी अडली, पिन कळकली किंवा तार तुटली. 'कमी' असतं तर संशय वेगळा. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर उपसला की आतली एक स्प्रिंगपट्टी दोन्ही पिना आपोआप जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेनंही गोळी पेटू नये. कनेक्टर अर्धवट बसला तर ती पट्टी तशीच चिकटून राहते आणि रोध कमी दिसतो.

मी उत्साहानं रोध मोजायला मल्टिमीटर काढला. "ते ठेवा आत," तो म्हणाला, "मीटर चुकून दुसऱ्या रेंजवर असला तर सीट फुटंल." सर्व्हिस मॅन्युअलंही हेच बजावतात. एअरबॅगला थेट मीटर लावायचा नाही. मग त्यानं कार्यपद्धती दाखवली. गाडी पूर्ण बंद, चार्जर लावलेला नाही याची खात्री, १२ व्होल्टची ऋण तार सोडली आणि चहा मागवला. चहा हा त्या पद्धतीचाच भाग. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून कंट्रोल युनिटात कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. तो रिकामा व्हायला किती थांबायचं ते कंपनी ठरवते, कुठं दीड मिनिट तर कुठं दहा.

चहानंतर त्यानं सीटखालचा कनेक्टर सोडला आणि वायरच्या बाजूला, एअरबॅगच्या तारेऐवजी, तेवढाच रोध देणारा २ ओहमचा रेझिस्टर लावला. किंमत काही रुपये. बॅटरी जोडून गाडी चालू केली, कोड पुसला, दिवा विझला. म्हणजे कंट्रोल युनिटपासून इथपर्यंतची वाट ठीक. दोष कनेक्टरच्या पिनेत किंवा एअरबॅगमध्ये.

याच रेझिस्टरचा एक वाईट उपयोग आहे. अपघातात फुटलेली एअरबॅग बदलायला मोठा खर्च येतो. मग रिकाम्या जागी असा रेझिस्टर कायमचा लावून दिवा विझवतात आणि गाडी विकतात. कंट्रोल युनिटला २ ओहम मिळाले, ते खूश. म्हणून जुनी गाडी घेताना दिवा विझलाय एवढ्यावर भुलू नये. स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या झाकणाची शिवण बघावी, पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाजवळ पुराच्या चिखलाची रेघ आहे का पाहावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडं हे शहाणपण बऱ्याच जणांना आलं.

इलेक्ट्रिक गाडीत या यंत्रणेवर आणखी एक काम असतं. धडक ओळखली की कंट्रोल युनिट एअरबॅगबरोबर मोठ्या बॅटरीलाही निरोप धाडतं. तिथले कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज तोडणारे मोठे स्विच, उघडतात, काही गाड्यांत तर छोट्या स्फोटानं तांब्याची पट्टीच तोडली जाते, आणि मोठ्या बॅटरीच्या केशरी केबलींतला प्रवाह थांबतो. काकांनी सुचवलेला फ्यूज काढला असता तर हा निरोपही गेला नसता, हे गाडीखाली बॅटरी घेऊन बसणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

बॅटरी पुन्हा सोडून, पुन्हा थांबून, वायरमननं कनेक्टर उजेडात धरला. एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर. सीटखालचं कार्पेट दाबलं तर बोटं ओली झाली. छत्रीचं पाणी एवढं नसतं. शोधल्यावर निघाली ती एसीची निचऱ्याची नळी, पानांनी तुंबलेली. मित्र मंडईबाहेर बायकोची वाट बघत तासन्‌तास एसी लावून बसतो, इंजिन नाही म्हणून इंधनाची काळजी नाही. ते सगळं पाणी आत.

नळी साफ केली, कार्पेट दोन दिवस उन्हात टाकलं, पिना नव्या बसवल्या. पॉलिश पेपरनं घासून भागणार नाही का, असं मित्रानं विचारलं होतं. "कल्हई घासून काढून मग ताक ठेवणार व्हय?" वायरमन म्हणाला.