आयझाया फिडलर

आयझाया फिडलर (१९३६–२०२०) हे कॅन्सर शरीरात पसरतो कसा, म्हणजे मेटास्टॅसिस, यावर जवळजवळ पन्नास वर्षं काम केलेले इस्रायली-अमेरिकन शास्त्रज्ञ. जन्म जेरुसलेमचा, ओळखीचे लोक त्यांना जॉश म्हणायचे. मूळचे ते जनावरांचे डॉक्टर, ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीतून १९६३ साली पशुवैद्यकाची डिग्री घेतली, मग पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत सर्जरी आणि तिथेच १९७० मध्ये माणसांच्या पॅथॉलॉजीत पीएचडी. कॅन्सरने दगावणारे बहुतेक पेशंट मूळ गाठीने नाही तर पसरलेल्या कॅन्सरने जातात, कुत्र्यामांजरांचंही तेच, त्यामुळे सर्जन माणूस या प्रश्नाकडे वळला यात नवल नाही.

पीएचडीच्या सुमाराचा प्रयोग साधा पण डोकेबाज होता. उंदराच्या मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, पेशींना (बी-१६ नावाच्या) रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीनचं लेबल लावलं आणि शेपटीच्या शिरेतून आत सोडल्या, पेशी मेली की लेबल सुटून लघवीवाटे निघून जातं, म्हणजे अवयवात जेवढं लेबल उरलं तेवढ्या पेशी जिवंत असा हिशोब. २४ तासांनी १ टक्काही उरल्या नव्हत्या आणि ज्यांच्यापासून पुढे गाठी झाल्या त्या तर ०.१ टक्क्याच्याही आत. आपल्याकडे गाठीच्या तपासणीबद्दल "सुई लावली आणि पसरलं" असं सर्रास म्हणतात, पण पेशी रक्तात पोचणं वेगळं आणि तिथून कुठेतरी जाऊन रुजणं वेगळं, हे या आकड्यांत दिसतं.

मग पुढचा प्रश्न आलाच, की ज्या वाचल्या त्या नशिबाने वाचल्या की मुळातच चिवट होत्या? १९७३ मध्ये त्यांनी उंदराच्या फुफ्फुसात झालेल्या गाठी काढल्या (गुलाबी फुफ्फुसावर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके असतात, मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यामुळे), त्यांच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या, परत नव्या उंदरात सोडल्या, परत गाठी काढल्या, असं दहा वेळा. दहाव्या फेरीची पेशी पहिलीपेक्षा फुफ्फुसात कितीतरी जास्त गाठी करायला लागली. हीच ती बी-१६ एफ-१०, आजही जगभर वापरतात, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या सेल रिपॉझिटरीतूनसुद्धा (पेशींच्या साठ्यातून) मिळते.

तरीही शंका राहते की हा गुण त्या फेऱ्यांमध्येच तयार झाला असेल. त्याचं उत्तर १९७७ च्या 'सायन्स'मधल्या पेपरात आहे, मार्गारेट क्रिपके यांच्यासोबतचा (त्या नामांकित इम्युनॉलॉजिस्ट आणि फिडलरांच्या पत्नी). एकाच ट्युमरमधून एकेक पेशी वेगळी करून १७ क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेले गट) वाढवले, तर काही क्लोन फुफ्फुसभर गाठी करायचे आणि काही जेमतेम दोनचार. म्हणजे पसरू शकणाऱ्या पेशी मूळ गाठीत आधीपासूनच असतात. एकेक गट वेगळा वाढवून फरक बघायची ही युक्ती मात्र उसनी, बॅक्टेरियावर लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्येच वापरलेली.

या सगळ्यामुळे एक जुनी कल्पना परत वर आली. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून म्हटलं होतं की पेशी हे बी आणि अवयव ही जमीन, बी सगळीकडे उडतं पण उगवतं ते मानवेल त्याच जमिनीत. नंतर अमेरिकेतल्या जेम्स युइंग यांचं म्हणणं चाललं, की रक्त जिकडे नेईल तिकडे गाठी होतात, बस. फिडलर आणि इयन हार्ट यांनी १९८० मध्ये उंदरांच्या मांडीत फुफ्फुस, अंडाशय आणि किडनी यांचे बारीक तुकडे रुजवले आणि बी-१६ पेशी रक्तात सोडल्या. फुफ्फुस-अंडाशयाच्या तुकड्यांत गाठी आल्या, किडनीच्या तुकड्यात नाही, आणि रक्त तर तिन्हीकडे जात होतं! पॅजेटच बरोबर निघाला असं म्हणायला हरकत नाही, अर्थात युइंगचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही, रक्ताच्या वाटेचाही हात असतोच.

१९८३ पासून ते अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर सेंटरमध्ये होते. तिथे माणसाच्या ट्युमरच्या पेशी उंदराच्या कातडीखाली न टाकता त्याच अवयवात टाकायच्या, म्हणजे किडनीच्या किडनीत, यावर त्यांचा जोर होता, कारण कातडीखाली त्या नुसत्या वाढतात, सहसा पसरत नाहीत. पुढे रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं, मेंदूत गेलेल्या कॅन्सरला केमोपासून वाचवणाऱ्या मेंदूतल्याच आधार देणाऱ्या पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, असं 'जमिनी'चंच मॉलिक्युलर काम झालं.

औषधाच्या बाजूला त्यांचं काम लायपोसोमचं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत मॅक्रोफेजना (शरीराच्या संरक्षणातल्या, नको ते गिळून टाकणाऱ्या पेशींना) चेतवणारा पदार्थ भरून द्यायचा. हाडाचा कॅन्सर असलेल्या, पाय काढलेल्या कुत्र्यांवर त्याची ट्रायल झाली, ती जास्त दिवस जगली. हेच औषध मिफाम्युर्टाइड, २००९ मध्ये युरोपात हाडाच्या कॅन्सरच्या मुलांसाठी मंजूर झालं, अमेरिकेत मात्र नाही.