इन्- (इंग्रजी उपसर्ग)

इन्- : इंग्रजी भाषेतील एक उपसर्ग. पुढे येणाऱ्या व्यंजनानुसार तो इम्-, इल्-, इर्- अशी रूपे घेतो आणि 'इग्नोबल' (हलक्या कुळातला, नीच) यासारख्या थोड्या शब्दांत त्याचा केवळ इ- उरतो. एकाच वळणाने लिहिला जात असला तरी वस्तुतः हे दोन वेगळे उपसर्ग आहेत. देशी, म्हणजे जर्मानिक कुळातला (इंग्रजी, जर्मन इ. भाषांचे कूळ) 'इन' धरला तर तीन. पहिला नकारार्थी : 'इम्पॉसिबल' (अशक्य), 'इल्लीगल' (बेकायदा), 'इर्रेग्युलर' (अनियमित). दुसरा 'आत, मध्ये, वर' या अर्थांचा : 'इम्पोर्ट' (आयात करणे, मुळात आत वाहून आणणे), 'इनहेल' (श्वास आत घेणे), 'इरिगेट' (पिकाला पाणी देणे). हे दोन्ही लॅटिनमधून, पुष्कळदा फ्रेंचच्या वाटेने, इंग्रजीत आले. त्यांचे रूप लॅटिनमध्येच एक होऊन गेले होते. त्यामुळे नुसत्या रूपावरून उपसर्ग कोणता हे ठरवता येत नाही, शब्दाचे मूळ पाहावे लागते.

व्युत्पत्ती : नकारार्थी इन्- हा संस्कृत अ-/अन्-, ग्रीक अ-/अन्- आणि इंग्रजीतील देशी 'अन्-' ('अनहॅपी'मधला) यांचा सजातीय आहे. ग्रीक 'अम्ब्रोतोस', लॅटिन 'इमोर्तालिस' (इंग्रजी 'इमॉर्टल') आणि संस्कृत 'अमृत' या तिन्ही शब्दांत उपसर्ग तोच आणि 'मृ' हा धातूही तोच. 'इग्नोरंट' आणि 'अज्ञ' यांचेही तसेच. त्यांतील धातू 'ज्ञा'.

या उपसर्गाचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील तौलनिक भाषाशास्त्रात महत्त्वाचा ठरला. पाणिनीने तो 'न'पासून साधला आहे. समासात 'नञ्'मधील (पाणिनीने नकारवाचक 'न'ला दिलेले नाव) न् लोपतो (नलोपो नञः, ६.३.७३), म्हणून अ + धर्म = अधर्म; पुढे स्वर असेल तर न् चा आगम होतो (तस्मान्नुडचि, ६.३.७४), म्हणून अनादर. संस्कृतापुरती ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु जेथे संस्कृत व ग्रीकमध्ये 'अ', तेथे लॅटिनमध्ये 'इन्' आणि जर्मानिक भाषांत 'उन्' का, याचा उलगडा तिने होत नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ कार्ल ब्रुगमान यांनी १८७६ मध्ये मांडले, की आद्य इंडो-यूरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, लॅटिन इ. भाषांच्या अनुमानित मूळ भाषेत) 'न्' हा ध्वनी स्वराप्रमाणे अक्षराचा गाभा होऊ शकत असे, जसा संस्कृतात 'ऋ' होतो. या स्वरवत् न् चे पुढे संस्कृत व ग्रीकमध्ये 'अ', लॅटिनमध्ये 'एन्' व त्यावरून 'इन्', आणि जर्मानिकमध्ये 'उन्' झाले. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांना हीच गोष्ट जिनीव्हात शाळेत शिकत असताना ग्रीक इतिहासकार हेरॉडोटसच्या ग्रंथातील 'तेताखाताय्' या क्रियारूपावरून उमगली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. प्रसिद्धीचे श्रेय मात्र ब्रुगमान यांचेच. हा स्वरवत् न् म्हणजे 'ने' (न) या नकाराचेच संकोचलेले रूप, असे आज मानले जाते. म्हणजे प्रक्रिया वेगळी असली तरी 'अ'चा संबंध 'न'शी जोडण्यात पाणिनी चुकला नव्हता.

दिशादर्शक इन्- चे मूळ 'एन्' (आत) हे शब्दयोगी अव्यय होय. संस्कृत 'अंतर्' आणि लॅटिन 'इंतेर' त्याच कुळातले. संस्कृत 'नि-' या उपसर्गालाही काही अभ्यासक येथेच आणून बसवतात. ते शक्य आहे, पण तितके निश्चित नाही.

काही शब्दांत नकार इतका मुरला आहे, की तो इंग्रजी भाषकांनाही जाणवत नाही. 'एनिमी' (शत्रू) हा लॅटिन 'इनिमिकुस'वरून, म्हणजे 'अमिकुस' (मित्र) नसलेला, अ-मित्र. 'इन्फंट' म्हणजे अजून न बोलणारे मूल. याच शब्दाचा इटालियन अवतार 'इन्फांते' तरुणाला व पुढे पायी लढणाऱ्या शिपायाला लावला गेला आणि त्यावरून 'इन्फंट्री' (पायदळ) हा शब्द झाला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातला 'इन्'ही अशा रीतीने नकारार्थीच ठरतो.

ध्वनिविकार : प, ब, म यांपूर्वी इम्-, ल पूर्वी इल्-, र पूर्वी इर्-. 'इल्लीगल'मध्ये लेखनात दोन ल असले तरी इंग्रजी उच्चारात एकच असतो. मराठी बोलणारा मात्र लिहिले तसे दोन्ही ल ठणकावून उच्चारतो. देशी 'अन्-' असा विरघळत नाही. 'अनलॉफुल', 'अनरीअल' यांत त्याचा न् शाबूत राहतो. अशा फरकांवरून भाषाशास्त्रज्ञ डोरोथी सीगल यांनी १९७४ मध्ये इंग्रजी प्रत्ययांचे दोन वर्ग पाडले. शब्दमूळाशी एकजीव होणारे ते पहिल्या वर्गात, बाहेरून चिकटणारे ते दुसऱ्या. या वर्गवारीवर पुढे बरेच आक्षेप आले, तथापि इन्-/अन्- या जोडीपुरती ती आजही सोयीची वाटते.

अर्थसंदिग्धता : दोन उपसर्ग एकरूप झाल्याचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम म्हणजे 'इन्फ्लेमेबल' हा शब्द. त्याचा अर्थ 'पेट घेणारा'. 'न पेटणारा' नव्हे. लॅटिन 'इन्फ्लामारे' (पेटवणे) या क्रियापदात दिशादर्शक इन् + 'फ्लामा' (ज्वाला) आहे. काही कोश या इन् ला 'अतिशयवाचक' म्हणतात. परंतु 'ज्वाळेत घालणे' हा साधा अर्थ पुरेसा असताना अतिशयाची कल्पना करण्याची गरज दिसत नाही. इन् वगळून केलेला 'फ्लेमेबल' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आढळतो, पण तो फारसा चालला नव्हता. इन् नकारार्थी समजून कोणी पिंपाजवळ विडी पेटवील, या धास्तीने अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल'चा पुरस्कार केला आणि विमा कंपन्यांनी तो उचलून धरला. भारतात जुनाच शब्द टिकून आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमात पेट्रोलियमची व्याख्या करताना तो आला आहे आणि १९५२ च्या अधिनियमाच्या तर नावातच तो आहे. महामार्गावर टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' आणि बहुधा शेजारीच 'अति ज्वलनशील' असे रंगवलेले दिसते. ज्वलनशील किंवा ज्वालाग्राही या शब्दांना मुळात उपसर्गच नसल्याने हा घोटाळा मराठीत उद्भवत नाही. मराठीचा घोटाळा वेगळा : संस्कृत 'अघोर' म्हणजे भयंकर नसलेला, सौम्य, आणि ते शंकराचे एक नाव, मराठीत मात्र अघोर कृत्य म्हणजे भयंकरच कृत्य.

'इनव्हॅल्युएबल'मधला इन् खरोखर नकारार्थी आहे, तरीही शब्दाचा अर्थ 'किंमत नसलेला' असा नाही, 'किंमत करता न येणारा' असा आहे. विरुद्धार्थी शब्द पाठ करताना 'व्हॅल्युएबल'समोर तो लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याने 'अमूल्य', 'अनमोल' हे शब्द आठवले तर चूक टळेल; त्यांची घडण तीच. (अनमोलमध्ये म या व्यंजनापूर्वी अन्- आला आहे, म्हणजे पाणिनीचा नियम लोकभाषेने बाजूला ठेवला.) 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'इम्प्रेग्नेबल' (अजिंक्य, किल्ल्याबद्दल) याचा 'प्रेग्नंट'शी काही संबंध नाही. तो फ्रेंच 'प्रेंद्र' (घेणे, काबीज करणे) वरून आला असून त्यातला ग मागाहून घुसला आहे.

इन्- आणि अन्- : कोणत्या शब्दाला कोणता नकार लागावा, याचा पक्का नियम नाही. लॅटिन घडणीच्या शब्दांना इन्-, देशी शब्दांना अन्- हे ढोबळमानाने खरे. पण विशेषण 'अनईक्वल' (असमान) आणि नाम 'इनइक्वॅलिटी' (असमानता), तसेच 'अनजस्ट' (अन्याय्य) आणि 'इनजस्टिस' (अन्याय), अशा मिश्र जोड्या रूढ आहेत. अठराव्या शतकात तर दोन्ही रूपे शेजारी नांदत होती. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या, टॉमस जेफर्सन यांनी लिहिलेल्या कच्च्या मसुद्यात 'इनएलियनेबल' (अहरणीय) हक्क आहेत, तर स्वाक्षरी झालेल्या प्रतीत 'अनएलियनेबल'. भाषाशास्त्रज्ञ कार्ल झिमर यांनी १९६४ मध्ये दाखवले, की असे नकार प्रशंसावाचक शब्दांना सहज लागतात, निंदावाचकांना सहसा लागत नाहीत. 'अनकाइंड' होतो, 'अनक्रुएल' होत नाही. अर्थ तटस्थ ठेवायचा असेल तर ग्रीक 'अ-' (इंग्रजी उच्चार पुष्कळदा 'ए') किंवा 'नॉन-' वापरतात : 'इमॉरल' म्हणजे अनैतिक, 'एमॉरल' म्हणजे नीतिनिरपेक्ष. नवे शब्द घडवण्याची इन्- ची शक्ती आता बरीच क्षीण झाली असून ते काम अन्- आणि नॉन- करतात.

फ्रेंचमधून आलेले 'एन्-/एम्-' हे दिशादर्शक इन्- चेच रूपांतर. 'इन्क्वायर' व 'एन्क्वायर' (चौकशी करणे) अशी दोन लेखने त्यामुळे टिकली; 'इन्शुअर' (विमा उतरवणे) आणि 'एन्शुअर' (खात्री करणे) यांत मात्र अर्थ वाटून घेतले गेले.

देशी 'इन' हा 'इन्कम', 'इनसाइट', 'इनपुट' अशा शब्दांत आढळतो. त्यावर जोर येतो आणि त्याचा न् बदलत नाही. मराठीत तो मोबाइलच्या 'इनकमिंग'बरोबर घरोघरी गेला आणि आता वर्तमानपत्रे एका पक्षातून दुसऱ्यात येणाऱ्या पुढाऱ्यांच्या रांगेलाही 'इनकमिंग'च म्हणतात.