परदेशी पत्राचं पोस्टेज

परदेशी पत्राचं पोस्टेज म्हणजे आपल्या देशात टाकलेलं पत्र दुसऱ्या देशातल्या दारापर्यंत पोचायला त्यावर किती रुपयांची तिकिटं लावायची तो आकडा. हा आकडा चार गोष्टींवर ठरतो, पाकिटात काय आहे, वजन किती भरतं, कुठल्या सेवेने पाठवायचं आणि कुठल्या देशात जायचंय. पोस्टाच्या खिडकीवर लोक फक्त चौथी गोष्ट सांगतात, "जर्मनीला किती लागतील हो?" आणि आतला माणूस हात पुढे करतो, आधी पाकीट द्या. त्याचं बरोबरच आहे, कारण देश चुकला म्हणून पोस्टेज चुकलं असं क्वचित होतं, घोळ होतो तो वजनात आणि आत काय आहे त्यात.

वजनाचं आधी बघू. भारतातून जाणाऱ्या परदेशी पत्राला वर्षानुवर्षं 20 ग्रॅमचा टप्पा चालत आलाय, म्हणजे 20 ग्रॅमपर्यंत एक दर आणि पुढे दर 20 ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला आणखी रक्कम. इथे "भागाला" हे महत्त्वाचं, 21 ग्रॅम भरलं तरी पैसे 40 ग्रॅमचेच. आता घरबसल्या हिशोब असा करता येतो की ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून बरोबर एक चौरस मीटर होतात, त्यामुळे 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणारा) एक कागद 5 ग्रॅम भरतो. तीन कागद 15 ग्रॅम, साधं लांबट पाकीट चार ते पाच ग्रॅम, झाले की 19-20, त्यात डिंक आणि तिकिटं, आणि वर कोणीतरी म्हणतं एक फोटो पण टाकू या, की लगेच पुढच्या टप्प्यात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा अंदाजाला ठीक आहे पण काठावरच्या पत्राला त्याचा उपयोग नाही, शेवटी पोस्टाच्या काट्यावर जे येईल ते खरं. आणि तिकिटं लावायच्या आधी वजन करून घ्यावं हे तर आहेच, पण छोट्या किमतीची ढीगभर तिकिटं लावणार असाल तर ती धरून वजन करावं.

आता आत काय आहे ते. कागदावर लिहिलेलं किंवा छापलेलं असेल तर ते पत्र किंवा दस्तऐवज, वस्तू असेल तर तो माल, आणि मालाचे दर, फॉर्म, नियम सगळंच वेगळं. राखी हे याचं अगदी आपल्याकडचं उदाहरण. पाकीट पातळ, वजन 15 ग्रॅम, दिसायला पत्रच, पण आत वस्तू आहे म्हणून कस्टमच्या नजरेत तो माल, आणि त्यावर आत काय आहे, किंमत किती ते सांगणारं सीएन 22 हे लेबल लागतं (किंमत 300 एसडीआरच्या वर गेली तर मोठा फॉर्म, सीएन 23. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). लग्नपत्रिकेचं मात्र उलट, पत्रिका कितीही जाड असली तरी छापील कागद आहे, जड म्हणून पैसे जास्त एवढंच. पण सोबत कुंकू लावलेल्या अक्षता टाकल्या की ते धान्य झालं, आणि ऑस्ट्रेलियासारखा देश धान्य-बियांच्या बाबतीत किती कडक आहे ते तिकडे भाचा-पुतण्या असलेल्या कोणालाही विचारा. अक्षता व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या बऱ्या.

याउलट नुसत्या छापील मजकुराला सवलत असायची. छापील मजकूर, म्हणजे पुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक वगैरे, हा आंतरराष्ट्रीय टपालात पत्रापेक्षा वेगळा प्रकार धरला जायचा आणि त्याचा दर पत्रापेक्षा कमी असायचा. पत्राची वजनाची मर्यादा 2 किलो, छापील मजकुराची 5 किलो. एकाच पत्त्यावर पुस्तकांची अख्खी थैली पाठवायची सोय म्हणजे एम बॅग, ती 30 किलोपर्यंत. अंधांसाठीचं साहित्य, ब्रेल पुस्तकं वगैरे, 7 किलोपर्यंत आणि त्याला पोस्टेजच नाही. अट एकच असायची, छापील मजकुरात वैयक्तिक पत्र सरकवायचं नाही. दिवाळी अंकाच्या पानात मावशीने चार ओळींच्या नावाखाली चार पानं लिहून घातली तर सवलत गेली. एरोग्रामचाही असाच नियम होता, निळसर पातळ कागद, त्याचंच पाकीट, पोस्टेज आधीच छापलेलं, पत्रापेक्षा स्वस्त, पण आत काही घातलं की ते एअरमेल पत्र धरलं जाणार. गल्फमध्ये कामाला गेलेल्यांच्या घरी असे एरोग्राम जपून ठेवलेले अजून सापडतात, घडीच्या कडेपर्यंत, डिंकाच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेले, कारण दुसरा कागद जोडायची सोयच नाही.

आकारालाही खालची मर्यादा आहे, पाकीट किंवा कार्ड 90 बाय 140 मिलिमीटरपेक्षा लहान नको. हौसेने केलेली चिमुकली पाकिटं इथेच अडकतात.

पोस्टेज कमी पडलं तर काय होतं, हा प्रश्न खूप जणांना पडतो. पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर पत्र बहुतेकदा इथूनच परत येतं. ते तसंच पुढे गेलं तर त्यावर T हे अक्षर आणि शेजारी एक अपूर्णांक मारतात. वरचा आकडा म्हणजे किती कमी पडले, खालचा म्हणजे पाठवणाऱ्या देशातला परदेशी पत्राचा पहिल्या टप्प्याचा दर. समजा दर 30 आहे आणि 10 कमी पडले, तर T 10/30. मग तिकडचं पोस्ट काय करतं, स्वतःच्या परदेशी पत्राच्या दराचा एक तृतीयांश काढतं, त्यात आपला हाताळणी खर्च मिळवतं आणि तेवढे पैसे पत्र घेणाऱ्याकडून वसूल करतं. रुपयाचे युरो किती वगैरे भानगडच नाही, अपूर्णांकात चलन आपोआप कटतं. टपाल खात्याच्या कारकुनी डोक्यातून निघालेली ही युक्ती मला फार आवडते. याच्या आधी हाच हिशोब सोन्याच्या फ्रँकच्या सेंटीममध्ये (सेंटीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) मांडायचे, तो फार किचकट.

मुळात एकाच देशाचं तिकीट लावून पत्र जगात कुठेही जावं हीच गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी नव्हती. दोन-दोन देशांचे आपापसातले करार, वाटेतल्या प्रत्येक देशाचा वेगळा वाटा, आणि रस्ता बदलला की दर बदलला. भारतातून इंग्लंडला जाणारं पत्र इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरातून रेल्वेने गेलं तर लवकर पण महाग, जहाजाने साउदम्प्टनला गेलं तर उशिरा पण स्वस्त, म्हणून त्या काळच्या पाकिटांवर लोकांनी हाताने "ब्रिंदिसीमार्गे" असं लिहिलेलं दिसतं. गोव्याची पत्रं तर बघण्यासारखी आहेत. तिथून बाहेर जाणाऱ्या पत्रावर पोर्तुगीज इंडियाचं तिकीट आणि पुढच्या प्रवासासाठी ब्रिटिश इंडियाचं तिकीट, अशी दोन राज्यांची तिकिटं शेजारी शेजारी चिकटवलेली, आणि आज तिकीटसंग्राहक अशा पाकिटांसाठी भरपूर पैसे मोजतात.

हे सगळं सरळ केलं 1874 च्या, स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कराराने. जर्मन टपाल खात्याचे हाइनरिख फॉन श्टेफान यांनी त्यासाठी जोर लावला, 22 देश एकत्र आले, 9 ऑक्टोबरला करार झाला (म्हणून त्या दिवशी जागतिक टपाल दिन). 1878 पासून या संघाचं नाव युनिव्हर्सल पोस्टल युनियन. भारत 1 जुलै 1876 ला आत आला. ठरलं असं की सगळ्या सभासद देशांचा मिळून एकच टपाल प्रदेश, पत्राचा दर 15 ग्रॅमला 25 सेंटीमच्या आसपास, आणि ज्या देशात पत्र पोस्टात टाकलं त्याने तिकिटाचे सगळे पैसे ठेवायचे. 15 चे 20 ग्रॅम झाले ते 1906 च्या रोमच्या परिषदेनंतर.

आपल्याकडे याचा परिणाम तिकिटांवर दिसतो. 1891 मध्ये परदेशी पत्राचा दर अडीच आणे झाला पण अडीच आण्याचं तिकीटच नव्हतं, मग साडेचार आण्याच्या तिकिटावर अडीचचा आकडा छापून वेळ मारून नेली. पुढच्या वर्षी हिरव्या रंगात नवीन तिकीट आलं. मग युनियनने सुचवलं की परदेशी पत्राचं तिकीट सगळ्यांनी निळं, कार्डाचं लाल आणि छापील मजकुराचं हिरवं ठेवावं, म्हणजे भाषा न येणाऱ्या कारकुनालाही रंगावरून दर कळेल, तेव्हा 1900 मध्ये आपलं अडीच आण्याचं तिकीट निळं झालं. त्याच्या आधीच, 1898 च्या नाताळपासून, इंग्लंडला आणि साम्राज्यातल्या बऱ्याच वसाहतींना एका आण्यात पत्र जायला लागलं होतं, म्हणजे दर अंतरावर नाही तर राजकारणावर ठरला. आजही शेजारी देशांना वेगळा दर असू शकतो तो याच जातीचा.

तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने ठेवायचे यामागे गृहीतक असं होतं की प्रत्येक पत्राला उत्तर येतं, म्हणून हिशोब शेवटी फिटतो. प्रत्यक्षात काही देश पाठवतात जास्त आणि काहींना वाटावं लागतं जास्त. म्हणून 1969 च्या टोकियो परिषदेत टर्मिनल ड्यूज ठरले, पाठवणाऱ्या देशाने वाटणाऱ्या देशाला वाटपखर्च द्यायचा. आपण खिडकीवर जे पैसे देतो त्यात विमानभाड्यासोबत हा खर्चही बसलेला असतो, आणि दर वाढतात ते बऱ्याचदा यामुळे.

एक प्रश्न मात्र तिकिटाने सुटत नाही, उत्तराचं पोस्टेज आपण भरायचं असेल तर? भारताचं तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवलं तर तिकडे ते शून्य कामाचं, कारण तिकीट ज्या देशाचं त्याच देशात चालतं. त्यासाठी 1907 पासून आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन सुरू झालं, ते तिकडच्या पोस्टात दिलं की परदेशी साध्या पत्रापुरती तिकिटं मिळतात. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने रेडिओवरून जगभर बोलणारे, एकमेकांना कार्डं पाठवताना हे वापरत आलेत. 1920 मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने लोकांना पटवलं की ही कूपनं युरोपात स्वस्तात घेऊन अमेरिकेत बदलली की भरपूर नफा, कागदावर फरक खरा होता पण कूपनांचा धंदा त्याने जवळजवळ केलाच नाही, नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना देत राहिला. ब्रिटन आणि अमेरिकेच्या पोस्टाने ही कूपनं विकणं आता बंद केलंय.

व्यवहारात सांगायचं तर पत्र टाकायच्या दिवशीचा दर बघावा, जुन्या पाकिटावरची तिकिटं मोजून त्यावर जाऊ नये. पाकीट खिडकीवर द्यावं, लाल पेटीत टाकू नये, कारण पेटीत टाकलं तर कमी पडलेलं कोणी सांगणार नाही. पत्ता रोमन लिपीत, शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरात, निळं एअरमेलचं लेबल डावीकडे वर, आणि आपला पत्ता मागे किंवा डाव्या कोपऱ्यात नक्की. स्पीड पोस्टने पाठवत असाल तर तिथे 20 ग्रॅमचा हिशोब विसरा, पहिला टप्पाच 250 ग्रॅमचा असतो, त्यामुळे एका कागदाला आणि पंचवीस कागदांना एकच पैसे.

सेवा चालू आहे का हेही आता आधी बघावं लागतं. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकडचं बुकिंग थांबवलं, आधी फक्त मालाचं आणि मग साध्या पत्रांसकट सगळंच, ते परत सुरू झालं 15 ऑक्टोबरला, आणि तेव्हापासून मालावरची ड्यूटी इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेतात. कागदी पत्राला ड्यूटी नाही, राखीचं पाकीट मात्र आधी विचारूनच टाकावं.