‘द नाइन्थ डे’च्या मागचं डाखाऊ

फोल्कर श्लोंडोर्फ यांच्या २००४ च्या ‘द नाइन्थ डे’ या चित्रपटात लक्झेंबर्गच्या एका कॅथलिक फादरांना डाखाऊच्या छळछावणीतून नऊ दिवसांची मोकळीक मिळते. त्यांनी आपल्या बिशपांना नाझींच्या बाजूला वळवायचं, आणि पळून गेले तर छावणीतल्या लक्झेंबर्गच्या इतर फादरांचा जीव जायचा. सौद्याची ही गोष्ट पटकथेत खूप फुलवली आहे, पण तिच्या मुळाशी असलेला माणूस खरा आहे: फादर जाँ बर्नार, कैदी क्रमांक २५४८७.

म्युनिकजवळची ही छावणी मार्च १९३३ मध्ये उघडली, तेव्हा हिटलरला सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. पहिले कैदी राजकीय विरोधक होते. धर्मगुरू तेव्हा ठिकठिकाणच्या छावण्यांत विखुरलेले असत. व्हॅटिकनने रदबदली केल्यावर १९४० च्या अखेरीपासून त्यांना डाखाऊत एकत्र आणलं गेलं. पुढच्या वर्षांत तिथे सुमारे २,७२० धर्मगुरू आले. बहुतेक कॅथलिक, थोडे प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स. हजारावर जण तिथेच मेले. पोलंडच्या समाजाचं नेतृत्वच संपवायचं होतं, म्हणून पोलिश फादरांचे हाल सर्वांत जास्त झाले: १,७८० पैकी ८६८ जण दगावले. त्यांच्यातल्या काहींवर मलेरियाचे प्रयोगही झाले.

२६ नंबरच्या बराकीतल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, जानेवारी १९४१ पासून मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होऊ लागली. ही ‘सवलत’ कशी होती, ते बर्नार यांनी आठवणींत लिहिलं आहे. धर्मगुरूंना वाइन मिळे, पण पहारेकऱ्याने हुकूम सोडला की पेला एका दमात रिकामा करायचा. मला हा प्रसंग मारहाणीपेक्षा क्रूर वाटतो, कारण फादरांच्या हातात जी वस्तू वेदीवर पवित्र होते, तिचाच इथे कवायतीसारखा खेळ केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलिश फादरांना या चॅपलची दारं बंद झाली.

तरीही १७ डिसेंबर १९४४ ला, याच चॅपलमध्ये, क्षयाने खंगलेल्या कार्ल लाइस्नर या जर्मन तरुणाला चोरून गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा देणारे फ्रेंच बिशप गाब्रिएल पिगे स्वतः कैदी होते. त्यांच्या हातातला धर्मदंडही एका कैद्यानेच लाकडात कोरलेला होता. १९४५ मध्ये छावणी सुटली तेव्हा लाइस्नर जिवंत होते, पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते गेले.

बर्नार यांना ती मोकळीक फेब्रुवारी १९४२ मध्ये मिळाली होती. ते परत छावणीत गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांची सुटका झाली. युद्धाआधी ते कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटनेचं काम पाहत. १९४७ पासून दोन दशकांहून अधिक काळ तिचे अध्यक्षही तेच होते. जगभरचे चित्रपट पाहण्यात हयात घालवलेला हा माणूस १९९४ मध्ये वारला. त्यांच्या त्या थोड्या दिवसांवरचा चित्रपट त्यानंतर दहा वर्षांनी आला.