पार्श्वभूमी : ‘पर डायम’ म्हणजे कोणता डी.ए.?

साताऱ्याच्या एमआयडीसीतला मुलगा कंपनीच्या कामाला जर्मनीला निघाला की घरी सांगतो, ‘पगार इथंच जमा होणार, तिकडं पर डायम मिळेल.’ पर डायम म्हणजे बाहेरगावच्या कामात दिवसागणिक मिळणारा भत्ता. शब्द लॅटिन. मूळ उच्चार ‘पेर दिएम’ : ‘पेर’ म्हणजे दर, आणि ‘दिएम’ हे दिवसवाचक ‘दिएस’चं द्वितीयेचं रूप. आपला ‘दिवस’ त्याचाच दूरचा भाऊबंद. शब्दात पैसा कुठेच नाही, मोजलाय तो दिवस.

चौदाव्या शतकात इंग्लंडच्या संसदेत परगण्याच्या प्रतिनिधीला रोजचे चार शिलिंग मिळत, शहरवाल्याला दोन. अमेरिकेत १७८९ पासून लोकप्रतिनिधींना बैठकीच्या दिवसाला ६ डॉलर होते. १८१६ मध्ये त्यांनीच ते बदलून वर्षाला १,५०० डॉलर करून घेतले. मतदार इतके खवळले, की वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला.

आपल्याकडचा ‘भत्ता’ मात्र बहुधा पोटावरून आला, म्हणजे ‘भक्त’, शिजलेलं अन्न, यावरून. कंपनी सरकारच्या फौजेत त्याचा ‘बत्ता’ झाला. दुप्पट बत्ता बंद केला म्हणून १७६६ मध्ये बंगालमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकगठ्ठा राजीनामे दिले होते.

खरा घोळ पुढचा आहे. पर डायमचाच सरकारी अवतार म्हणजे दौऱ्यावरचा ‘डेली अलाउन्स’, दैनिक भत्ता, तो डी.ए., म्हणूनच ‘टी.ए.-डी.ए.’ (प्रवास भत्ता आणि दैनिक भत्ता) ही जोडी रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले, सरकारी नोकरांना महागाई भत्ता, म्हणजे ‘डिअरनेस अलाउन्स’, सुरू झाला, तोही डी.ए. पहिला बाहेरगावी काढलेल्या दिवसाचा, दुसरा घरी बसलेल्यालाही दरमहा. पहिला फिरतीच्या खर्चाची भरपाई, दुसरा पगाराचा भाग आणि करपात्र. दोघांना एकच आद्याक्षरं देणं ही कारभाराची चूकच म्हटली पाहिजे, आणि ती आजवर कुणी दुरुस्त केलेली नाही. ‘डी.ए. वाढला’ असं साताऱ्यात स्टँडवर कुणी म्हणालं, तर तो महागाईचाच, दौऱ्याचा डी.ए. वाढला तर तो फक्त बिल लिहिणाऱ्याला कळतो.

केंद्राच्या नियमांत मूळचा ‘दिवस’ अजून शाबूत आहे. मुख्यालयाबाहेर सहा तासांच्या आत असाल तर दिवसाच्या जेवणभत्त्याचे ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७०, त्यापुढे पूर्ण. साताऱ्याहून सकाळी नऊला निघून कऱ्हाडचं काम उरकलं आणि दोनला परतलात, तर हाती ३० टक्केच. पुण्याला पहाटे सहाला जाऊन रात्री आठला आलात तर सगळा. म्हणून प्रवासाच्या बिलात निघाल्याची आणि पोचल्याची वेळ हा रकाना रकमेइतकाच जपून भरावा लागतो.

२०१७ मध्ये सातव्या वेतन आयोगानंतर हे दर नव्याने ठरले, तेव्हा दोन्ही डी.ए. एकमेकांना बांधले गेले : महागाईचा ५० टक्क्यांवर गेला, की दौऱ्याच्या भत्त्यात २५ टक्के वाढ. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि या वाढीची वेळ आली. दिवसाचा जेवणभत्ता ८०० रुपये असेल, तर त्याचे १,००० होतात ते या हिशेबाने; कऱ्हाडच्या अर्ध्या दिवसाचे त्यातले ३००.