उत्तर आलं नाही म्हणजे डोमेन मोकळं आहे, असं नाही!

डोमेन नाव कुणी घेतलंय का हे शोधणारी आमची लुकअप लायब्ररी (तयार कोड) वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: “तुमच्या लायब्ररीनं नाव मोकळं दाखवलं, घ्यायला गेलो तर ते आधीच कुणाचं तरी.” आम्ही लॉग मागवतो आणि बहुतेक वेळा एकच चूक निघते. कोडमध्ये लिहिलेलं असतं, उत्तर रिकामं आलं तर नाव मोकळं समजायचं.

हजार नावं लूपमध्ये घालून धडाधड विचारली, की रजिस्ट्रीचा, म्हणजे डोमेनांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा, सर्व्हर कंटाळून दार लावून घेतो. आरडॅपचा (नोंद विचारायची नवी पद्धत) सर्व्हर अशा वेळी निदान ४२९, म्हणजे ‘फार विनंत्या झाल्या’ हा कोड, पाठवतो. पोर्ट ४३ वरचा हूइज (त्याच कामाची जुनी पद्धत) मात्र कधी एका ओळीत समज देतो, कधी काही न बोलता कनेक्शनच तोडतो. तिथून पुढची सगळी नावं तुमच्या यादीत ‘मोकळी’! आरडॅपकडून ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हा कोड, आला तरच नोंद सापडली नाही असं धरा. तेव्हाही नाव रजिस्ट्रीनं राखून ठेवलेलं असू शकतं, म्हणून ग्राहकाला शब्द देण्याआधी डोमेन विकणाऱ्या रजिस्ट्रारकडे खात्री करा.

यासाठीच आमची लायब्ररी तीन उत्तरं देते: सापडलं, सापडलं नाही, कळलं नाही. “नुसतं हो-नाही द्या ना” असं पुष्कळ जण सांगतात. देणार नाही. दोन विनंत्यांमध्ये आम्ही सोडलेली उसंतही काढू नका. लायब्ररी संथ वाटते हे मान्य, पण तुमचा आयपी पत्ता ब्लॉक झाला तर ऑफिसातल्या सगळ्यांचंच काम अडतं. मोठ्या याद्या रोज तपासत असाल तर आमचं रांग लावणारं मोड्यूल घ्या. ‘कळलं नाही’वाली नावं ते स्वतःच नंतर पुन्हा विचारतं.

नोंदीत डोमेनच्या मालकाचं नाव दिसत नाही, हा बग नव्हे. २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदा लागू झाल्यापासून ते बहुधा झाकलेलंच असतं.

डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री ती आपोआप वर्षभर पुढे ढकलते आणि ते रद्द करायला रजिस्ट्रारला ४५ दिवस असतात. तेव्हा तारीख पुढे सरकली म्हणून मालकानं पैसे भरले असं समजू नका.

जुनी, फक्त हूइजवर चालणारी आवृत्ती अजून वापरत असाल तर बदला. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या जेनेरिक डोमेनांसाठी हूइज चालू ठेवण्याची सक्ती उरलेली नाही. देशांच्या डोमेनांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं असतं, म्हणून नव्या आवृत्तीतही आम्ही हूइज काढलेला नाही.

तक्रार पाठवताना डोमेन, वेळ आणि सर्व्हरचं मूळ उत्तर जसंच्या तसं जोडा. स्क्रीनशॉट नको.